वास्ता, वशिला आणि दीड लाखांची मागणी

प्रश्न : मुलगा वेल्डर आहे, मिरजेत कामाला. गावातले एक गृहस्थ म्हणतात, ‘सौदीत साहेबाशी माझा वास्ता आहे. दीड लाख द्या, परीक्षाबिरीक्षा लागणार नाही.’ द्यावेत का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : देऊ नका. अरब समाजात वास्ता, म्हणजे ओळखीचा वशिला, भरपूर चालतो, पण तो मुख्यतः नात्यागोत्याचा मामला आहे. चुलता, मेहुणा, कबिल्यातला माणूस अधिकाऱ्याकडे शब्द टाकतो. अधिकाऱ्यालाही मोडवत नाही, कारण उद्या आपल्या पोरासाठी त्यालाच कुणाकडे तरी जायचं असतं. तिथे उपकाराची फेड उपकाराने होते. तुमचे गृहस्थ रोख मागताहेत, ती निव्वळ दलाली.

कंपनीच्या मंदूबाची (सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस) वर ओळख असेल, तर रखडलेला कागद लवकर हलतो, हे खरं. पण वेल्डरला तकामुलची (सौदी सरकारच्या वतीने कारागिरांची परीक्षा घेणारी संस्था) कौशल्य परीक्षा भारतातच द्यावी लागते. ‘परीक्षा नको’ म्हणणारा बहुधा वेल्डर सोडून दुसऱ्याच हुद्द्याचा व्हिसा काढतो, आणि मेख तिथेच आहे. अकाम्यावर (सौदीतला राहण्याचा परवाना) दुसराच हुद्दा आणि हातात वेल्डिंगचा होल्डर, असं तपासणीत सापडलं की मुलगाही अडकतो. म्हणून व्हिसाच्या प्रतीवरचा हुद्दा आणि मालकाचं नाव आधी वाचून घ्या. व्हिजिट व्हिसावर तर पाठवूच नका.

सौदी कामगार कायद्याच्या कलम 40 नुसार भरतीचा आणि अकाम्याचा खर्च मालकाचा. इथला नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. त्याची नोंदणी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, पैसे बँकेतूनच द्या, पावती घ्या.

प्रश्न : भाऊ रियाधला आहे. फोरमन आपल्या मुलखातल्यांनाच ओव्हरटाइम देतो. तक्रार करावी का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ओव्हरटाइम कुणाला द्यायचा, यावर तक्रार टिकणं अवघड. केलेल्या ओव्हरटाइमचे पैसे मात्र हक्काचे : तासाचा पगार, अधिक त्या तासाच्या मूळ पगाराचे 50 टक्के. त्यामुळे करारात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवलेत का, ते बघा. तसं असेल तर दर तासामागे नुकसान आहे. भावाला रोजच्या टाइमशीटचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. पैसे बुडवले तर सौदीच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे अर्ज करता येतो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो. नोकरी सुटली असेल तर 12 महिन्यांच्या आत दावा लावा.