‘धंदा करायचाय, पण कोणता?’

‘नोकरीत मन लागत नाही. धंदा करायचाय, पण कोणता करू तेच कळत नाही.’ उद्योगाबद्दल माझ्याकडे सल्ला घ्यायला येणारे बहुतेक नोकरदार याच वाक्याने सुरुवात करतात. त्यातल्याच एकाची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ मोशीचे. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात बारा-तेरा वर्षं नोकरी, फ्लॅटचा हप्ता चालू. येताना यादीच घेऊन आले होते: चहाची फ्रँचायझी, लाकडी घाण्याचं तेल, मशरूम. सगळी मोबाइलवरच्या व्हिडिओंची कमाई. चहावर मन बसलेलं, म्हणून कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, मांडा हिशेब.

गाळ्याचं भाडं ३५,०००, दोन पोरांचा पगार ३०,०००, लाइट आणि किरकोळ ५,०००. झाले ७०,०००. दहाच्या कपामागे दूध-साखर-गॅस जाऊन चार रुपये सुटतात असं त्यांनीच धरलं. म्हणजे महिन्याला १७,५०० कप, दिवसाला ५८०च्या वर. आणि एवढं विकून घरी शून्य. फ्रँचायझीची रक्कम तर अजून धरलीच नव्हती. त्यांनी भागाकार पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आलं.

चहाचा धंदा वाईट आहे, असं मी म्हणत नाही. पुण्यात त्यावर घरं उभी राहिली आहेत. पण पहाटे दुधाच्या गाडीची वाट पाहणं, पोरगा न सांगता गावी गेला की स्वतः गाळणी हातात घेणं, यातलं काही या माणसाला जमणार होतं का? ‘ते पोरं बघतील,’ हे त्यांचं उत्तर मला पुरेसं होतं.

मग विचारलं, ‘ऑफिस सुटल्यावर लोक तुम्हाला कशासाठी फोन करतात?’ ते जरा घुटमळले. त्यांचे जुने मित्र भोसरीत छोटी वर्कशॉप चालवतात. जॉब, म्हणजे मशीनवरचे सुटे भाग, उत्तम काढतात, पण मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर इन्स्पेक्शन रिपोर्ट, कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं याचा तक्ता), मायक्रोमीटर हे मापाचं साधन अचूक मोजतं याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असं सगळं लागतं. तिथे गाडी अडते. हे गृहस्थ रविवारी जाऊन कागद लावून देत. मोबदला? मिसळ.

‘पुढच्या रविवारी पैसे सांगा,’ म्हटलं. माणूस लाजला. फुकट घेणारे दहा भेटतात. पैसे मोजून परत बोलावणारा एक जरी भेटला तरी धंदा आहे की नाही, याचा अंदाज येतो.

दुसऱ्या भेटीला बायकोला घेऊन या, असं मी आवर्जून सांगते. घरखर्च यांनी ३०,००० सांगितला होता. वहिनींनी शाळेची फी आणि सासूबाईंची औषधं धरून तो ४६,००० वर नेला. राजीनाम्याचा विषय तिथेच मागे पडला. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं दोघांनी ठरवलं. नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, ते आधी वाचायला सांगितलं. शिवाय स्वतःच्या कंपनीला माल देणाऱ्या वर्कशॉपचं काम घ्यायचं नाही, हेही बजावलं. यात मी तडजोड करत नाही.

‘उद्यम’ या छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी कुणी एजंट पैसे मागत होता. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. सेवेच्या धंद्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीही लागत नाही.

आता दोन वर्कशॉप त्यांना महिन्याचे ठरावीक पैसे देतात. तिसऱ्याने उधारी ठेवली आहे. परवा फोन आला, कर्ज काढून मोजमापाची मशीन घेऊ का? म्हटलं, आधी तिसऱ्याची उधारी वसूल करा. तोवर मोजणी बाहेरच्या लॅबमधून करून घ्या.