मडक्यातली नाणी चिंचेने घासू नका

प्रश्न : शेततळं खोदताना जेसीबीचा दात लागून मडकं फुटलं. आत चाळीसेक तांब्याची नाणी निघाली, हिरवी पडलेली. घरच्यांनी दोन चिंचेने घासली, एकावर 'छत्र' वाचता येतं. पुढे काय करू? (शेतकरी वाचक, पारनेर तालुका)

उत्तर : बाकीच्यांना चिंच लावू नका. वर्णनावरून शिवराई वाटते : एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. जुन्या तांब्यावर अक्षरांचा उठाव पुष्कळदा त्या हिरव्या थरातच उरलेला असतो. आंबटाने थर गेला की अक्षरंही गेली. एकमेकांना चिकटलेली नाणी सुटी करू नका, माती तशीच असू द्या. फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर ते नाणं वेगळं, अगदी कोरडं ठेवा. ओलाव्यात ते पोखरत जातं. कागदी पाकिटं वापरा. खापऱ्या फेकल्यात का? शोधून आणा, काळ ठरवायला त्या लागतात.

खड्ड्याचं काम तिथेच थांबवा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. जमिनीपासूनची खोली मोजा, विहीर आणि बांधाचा दगड अशा दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर लिहा, गट नंबर टाका. मातीच्या ढिगात सापडलेली नाणी वेगळ्या पाकिटात, वर 'ढिगातली' असं लिहून.

मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज : काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. पोच घ्याच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन कळवावंच लागतं आणि सरकारी कोषागारात जमा करावं लागतं, किंवा मागाल तेव्हा हजर करू असा जामीन द्यावा लागतो. लपवलं तर हक्क जातो, वर एक वर्षापर्यंत कैद. मूळ धनी निघाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं, एक चतुर्थांश जमीनमालकाचं. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मिळतो. जेसीबीवाला हिस्सा मागेल, तेव्हा मडकं नेमकं कुणाला दिसलं हेही आजच लिहून ठेवा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये भाऊ मेटल डिटेक्टर घेऊन शेतं फिरतो. मी गडावर नेला तर?

उत्तर : नेऊ नका. संरक्षित गडावर परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे. तिकडेही संरक्षित स्मारकावर डिटेक्टर चालत नाही आणि शेतमालकाची परवानगी लागतेच. खजिना ठरेल अशी वस्तू १४ दिवसांत कोरोनरला (एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा तिथला अधिकारी) कळवायची असते; बाकीच्या वस्तूंची नोंद १९९७ पासून चालणाऱ्या योजनेत स्वखुशीने होते. भावाला एवढं सांगा : नांगराने आधीच हललेल्या मातीतलंच काढ. सिग्नल त्याखालून येत असेल तर खड्डा बुजव, जागा नोंदव आणि तिथल्या नोंद अधिकाऱ्याला बोलाव.