काडतूस अडकलं? आधी मॅगझिन बघ

पिस्तूल सारखं अडकतंय म्हणून नवं घ्यायची घाई करू नकोस. पॉइंट टू-टूचं (.२२ बोअरचं छोटं) काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीच्या, तोंडाशी नाक आपटून अडकतं, तेव्हा बहुतेकदा मॅगझिनच, म्हणजे काडतुसं भरायची पेटीच, गुन्हेगार असते. दोन्ही मॅगझिनवर १, २ असे आकडे घाल. अडकणं एकाच आकड्यावर येत असेल तर बहुधा त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेत.

रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नसेल तर वेगळी चौकशी. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर बहुतेकदा मेणाचा थर असतो. मेण आणि काजळी चेंबरमध्ये साचली की पुंगळी चिकटते, स्लाइड (बार उडाल्यावर मागे सरकणारा वरचा भाग) अर्ध्यावर थांबते. त्यात आपल्या गोव्याचा पावसाळा! फोंड्याला माझ्या कपाटात चार दिवसांत बुरशी धरते, तिथे पिस्तुलाला कोण विचारतो? चेंबर पूस, एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालचा मळ काढ, तेल मात्र थेंबभरच. मनगट ढिलं सोडलंस तरी स्लाइड पुरती मागे जात नाही, हेही तपास.

आणि बार फुसका वाजला तर दुसरा कधीच झाडू नकोस. नळी निशाण्याकडेच ठेव, अर्धा मिनिट थांब, पिस्तूल रिकामं कर आणि नळीत गोळी अडकलीय का ते बघ.