कोल्हापुरातले पुढारी कायम पांढऱ्या शर्टातच का दिसतात?

मूळ खादीत आहे. 1920 नंतर खादी आणि गांधी टोपी म्हणजे इंग्रजांना उघड विरोध. कोल्हापूर तर संस्थान, इथं मान फेट्या-पागोट्याला. 1949 ला संस्थान विलीन झालं, पुढं सहकार फोफावला आणि तीच टोपी साखर कारखान्याच्या संचालकांच्या डोक्यावर आली. आता टोपी म्हाताऱ्यांपुरती उरली, खादीच्या जागी लिनन आलं, रंग तेवढा राहिला.

माझ्या मते खरी मेख इस्त्रीत आहे. कडक पांढरा शर्ट, पायात करकर वाजणारी कापशी चप्पल, म्हणजे गडी उसाच्या सरीत उतरत नाही, हे लांबूनच कळतं. भांगलणाऱ्याला पांढरं परवडतंय होय? पक्ष बदलला तरी शर्ट तोच, गळ्यातला पट्टा तेवढा बदलतो.