दोन्ही किडन्यांत खडे आहेत, दुर्बिणीने एकदमच काढून घ्यावेत का?

तुम्ही डाव्या खड्याचं माप दिलंय (२.२ सेंमी), उजव्याचं दिलंय (८ मिमी), पॅकेजचा आकडाही दिलाय. लघवीचं कल्चर (लघवीत जंतू आहेत का ती तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) मात्र कुठेच नाही. त्यात "मामा म्हणतात, एकाच भुलीत दोन्ही उरकून टाक" हे वाचलं आणि आमचे साडूभाऊ डोळ्यांपुढे उभे राहिले. म्हणून लिहायला बसलो.

साडूंचं बडोद्यात रावपुऱ्यात मेडिकल आहे. गोळ्या विकता विकता ते पाऊण डॉक्टर झालेत. माझेही दोन्हीकडचे खडे निघाले, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चहा निवायच्या आत त्यांनी निकाल दिला, "बन्ने साथे पतावी नाखो! दोन्ही एकदमच उरकून टाका! आता भोक एवढंसं पाडतात. दोनदा पैसे कशाला घालायचे?" ओळखीच्या एका हॉस्पिटलात पॅकेजही ठरवून आले होते. कल्चरचं नाव न काढता तिथे तारीख मिळत होती. मी सरळ नाही म्हणालो. ते अजून धुसफुसतात.

भोक एवढंसं, हे खरंच. पूर्वी पीसीएनएलची, म्हणजे पाठीतून भोक पाडून दुर्बिणीने खडा फोडून काढायच्या ऑपरेशनची, वाट आठ-दहा मिलिमीटरची असायची, मिनी पीसीएनएलमध्ये ती पाच-सातवर आली. आपल्या शेजारच्या नडियादच्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी तर २०११ मध्ये जेमतेम १.६ मिमीच्या सुईतून खडा फोडल्याचे अनुभव छापले. पण भोक लहान झालं म्हणून किडनी लहान होत नाही. बारीक वाटेने मोठा खडा फोडायला वेळ जास्त लागतो, आणि आत पाण्याचा दाब वाढला तर खड्यातले जंतू रक्तात शिरतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी कल्चर केलं, त्यात जंतू निघाले. आधी अँटिबायोटिकचा कोर्स, मग फक्त डाव्या बाजूचं पीसीएनएल. पाठीतल्या नळीची पिशवी कॉटला टांगलेली, लघवी कोकम सरबताच्या रंगाची. एवढी काळजी घेऊनही त्या रात्री हुडहुडी भरून ताप आलाच. हात न लावलेली उजवी किडनी तेवढी शाबूत होती. साडू भेटायला आले ते पिशवीकडे बघत गप्प बसले. निघताना मात्र म्हणालेच, "दुसऱ्याचा खर्च वेगळा लागणार."

लागला. उजवा लहान खडा नंतर आरआयआरएसने काढला. लघवीच्या मार्गानेच वाकणारी दुर्बीण आत घालून लेझरने फोडतात, पाठीला भोकच नाही. आणि तुमच्यासारखा ८ मिमीचा खडा दुखत नसेल, अडवत नसेल, तर सोनोग्राफी करत त्याच्यावर नुसती नजर ठेवणंही चालतं. हे पॅकेजवाला सांगणार नाही.

एकाच वेळी दोन्ही बाजू करणारे चांगले सर्जन आहेत, त्यांना मी चूक म्हणत नाही. एकच भूल, एकच मुक्काम, फायदा आहेच. पण पहिल्या बाजूला पू दिसला किंवा रक्त जास्त गेलं, तर दुसरी बाजू तिथेच थांबवणार का, हे आधी विचारा. "पॅकेजमध्ये दोन्ही आहे" असं उत्तर आलं तर उठा. आणि खड्याने वाट अडून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा क्रिएटिनिन चढायला लागलं, तर माझं हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा आधी स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून लघवी मोकळी करतात, खड्याचं नंतर बघतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, मनाने बंद करू नका.

कुळथाचं कळण भातावर ओतून खुशाल खा. २.२ सेंमीचा खडा त्याने विरघळत नाही. औषधाने विरघळतो तो युरिक अॅसिडचा खडा, म्हणून निघालेले तुकडे तपासायला पाठवा. साडू माझ्या तुकड्यांची बाटली दुकानात दाखवायला मागत होते, मी लॅबमध्ये दिली.

ऑपरेशननंतर डीजे स्टेंट (तीच आतली नळी) घातला तर लघवीला सारखं जावं लागेल, कंबरेत कळ येईल. तो काढायची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. महिनोन्‌महिने विसरला तर त्याच्यावरच खडा चढतो, आणि तो काढायला आणखी ऑपरेशन. तो खर्च कोणत्या पॅकेजात बसतो, ते साडूंना विचारायचं राहिलंय.