तीन फेजचा लेथ घरच्या सिंगल फेजवर

प्रश्न : कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी एक जुना लेथ घेऊन घरामागच्या शेडमध्ये बसवला आहे. त्याची मोटर 2 एचपीची, तीन फेजची आहे आणि घरात सिंगल फेज मीटर आहे. शेतातल्या पंपाला लावतात तसा कंडेन्सर लावला की भागेल, असे आमचे वायरमन म्हणतात. दुकानदार व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजपासून तीन फेज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, घ्या म्हणतो. कोणाचे ऐकावे? पुढे ड्रिल मशीनही त्याच ड्राइव्हवर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कंडेन्सर तिसरा फेज तयार करतो खरा, पण तो ठरावीक लोडलाच जुळतो. पंपाचे ओझे दिवसभर जवळपास तेवढेच असते. लेथची मोटर मात्र आत्ता मोकळी फिरत असते आणि पुढच्याच क्षणी टूल शाफ्टमध्ये शिरलेले असते. लोड बदलला की तिन्ही वाइंडिंगमधला करंट असमान होतो, मोटर घुमू लागते आणि तापते. शिवाय अशा जोडणीत मोटरची ताकद साधारण दोन तृतीयांशच धरावी लागते. त्यामुळे तुमच्या लेथसाठी मी व्हीएफडीच सुचवीन.

मात्र ड्राइव्ह घेण्याआधी, मोटर कशालाही जोडलेली नसताना, तिच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडून पाहा, कारण सगळे त्यावर ठरते. 230 व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह तीन फेज देतो, पण तेही 230 व्होल्टचेच. 415 व्होल्ट त्यातून मिळत नाहीत. आपल्याकडच्या 2 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेल्या असतात. आत सहा बोल्ट असून एका ओळीतले तिन्ही बोल्ट पितळी पट्टीने एकत्र बांधलेले दिसले, तर तो स्टार. त्याच पट्ट्या समोरासमोरच्या बोल्टांवर एकेक अशा उभ्या बसवल्या की डेल्टा होतो आणि तीच मोटर 240 व्होल्टला पूर्ण ताकदीने चालते. करंट मात्र 1.73 पट होतो. मोटरच्या प्लेटवर 3.4 अँपिअर असेल तर डेल्टात सुमारे 5.9 धरा आणि ड्राइव्हच्या ओव्हरलोड सेटिंगमध्ये हाच आकडा भरा.

एका शेडमध्ये पट्ट्या न बदलताच ड्राइव्ह जोडलेला मी पाहिला आहे. लेथ मोकळा छान फिरला, पण पहिल्याच खोल कटला चक (जॉब पकडून फिरणारा भाग) थांबला. बिचाऱ्या मालकांनी दोनदा बेल्ट बदलला. दोष बेल्टचा नव्हता, मोटरला जेमतेम एक तृतीयांश टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळत होता.

बॉक्समध्ये तीनच वायरी आल्या असतील, तर स्टारचा जोड वाइंडिंगच्या आत आहे. चांगला रिवाइंडिंगवाला तो सोडवून सहाही टोके बाहेर काढून देतो. मोटर नव्याने भरण्याची गरज नसते. 3 एचपी व त्यापुढच्या मोटरी बहुतेक वेळा 415 व्होल्टलाच डेल्टात असतात, तिथे ही युक्ती चालत नाही आणि तीन फेजचे कनेक्शन मागणेच शहाणपणाचे ठरते.

2 एचपीचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर सिंगल फेजकडून 14–15 अँपिअर ओढू शकतो, म्हणून घरातल्या पॉवर प्लगवर तो लावू नका. मीटर बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. लेथचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये मुळीच ठेवू नका. चालू असताना तो तोडला-जोडला तर ड्राइव्ह जळू शकतो. त्याचे कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावेत. चक आट्यांवर बसणारा असेल तर थांबण्याची वेळही लांबच ठेवा, कारण झटक्यात ब्रेक लागला किंवा दिशा उलटली तर फिरता चक उलगडून बाहेर येतो. आणि वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही मिनिटे राहतो. झाकणावर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय आत हात घालू नका.

ड्रिल मशीनसाठी दुसरा छोटा ड्राइव्ह घ्या. दोन्ही मोटरी आळीपाळीने एकाच ड्राइव्हला जोडायच्या तर ओव्हरलोडचा आकडा दर वेळी बदलावा लागेल, आणि ते एक दिवस विसरले जाईलच. शेडमध्ये पैसे घेऊन जॉब करणार असाल, तर आधी महावितरणकडे योग्य प्रकारचे कनेक्शन मागा. घरगुती मीटरवर तसे काम केल्यास वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली आकारणी होऊ शकते.