वाचकांचे प्रश्न : कमिसरियटचा कंत्राटदार

प्रश्न : राणी लक्ष्मीबाईंना सल्ला द्यायला झाशीला गेलेला वकील जॉन लँग त्याआधी आग्र्यात एका लष्करी कंत्राटदाराचा खटला लढला होता, असे वाचले. हा कंत्राटदार कोण?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : लाला ज्योतिप्रसाद. पहिले अफगाण युद्ध (१८३९-४२), १८४३ ची ग्वाल्हेरची मोहीम (म्हणजे शिंद्यांच्याच फौजेविरुद्धची) आणि शिखांशी झालेली दोन्ही युद्धे, या सगळ्यांत कंपनीच्या फौजेचा पुरवठा त्यांच्याकडे होता. दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी ते आढेवेढे घेत होते, कारण आधीची बाकी थकली होती. ती मिटवू, असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी काम घेतले. युद्ध संपले आणि तपासनिसांनी जुनी बिले उकरून काढली. लाखो रुपयांचे येणे राहिले बाजूला, उलट हिशेबात लबाडी केल्याचा खटला उभा राहिला. १८५१ मध्ये आग्र्यात लँगने त्यांना निर्दोष सोडवले. पुढे १८५७ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात गोरे कोंडले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी धान्य भरून देणारे पुन्हा हेच लालाजी! सरकारला दुसरा कोणी सुचला नाही, यातच त्या खटल्याची किंमत कळते.

प्रश्न : घरच्या कागदांत खापरपणजोबांचा उल्लेख ‘कमिसरियट कंत्राटदार, पूना कॅम्प’ असा आहे. ते लष्करात होते का? हा धंदा नेमका कसा चाले?
– एक वाचक, नाना पेठ

उत्तर : लष्करात नव्हते. कमिसरियट हे लष्कराच्या रसदेचे आणि वाहतुकीचे खाते. अधिकारी सरकारचे, माल आणि भांडवल कंत्राटदाराचे. छावणीत कमिसरियट मुख्यतः गोऱ्या सोल्जरांना खाऊ घाली. माणशी रोज एक रत्तल (सुमारे अर्धा किलो) पाव, एक रत्तल मांस, शिवाय चहा, साखर, तांदूळ, मीठ आणि जळण. देशी शिपाई शांततेच्या काळात आपल्या पगारातून बाजारात दाणागोटा घेई. फौज कूच करून निघाली की मात्र त्याच्याही पिठाची जबाबदारी खात्यावर येई. त्यामुळे तुमच्या पूर्वजांचे कंत्राट मांसाचे, पावाचे, जळणाचे की गवताचे, हे आधी पाहा. एका जिनसाचा कंत्राटदार आणि मोहिमेचा कंत्राटदार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कामाची रीत साधारण अशी. टेंडर भरायचे, अनामत ठेवायची, ठरलेल्या दराने माल द्यायचा. पलटणीचे मागणीपत्र येई, माल उतरला की पावती मिळे, आणि सगळ्या पावत्या जोडून बिल कमिसरियट अधिकाऱ्याकडे जाई. तिथून ते हिशेब तपासणीला. एक पावती कमी पडली की तेवढी रक्कम कापली. माल खरोखर दिला होता की नाही, हा प्रश्नच नाही.

आता नफ्याचे गणित. समजा लाखाच्या बिलात आठ टक्के सुटतात आणि माल सावकाराकडून दरमहा शेकडा एक व्याजाने पैसे उचलून भरला आहे. बिल आठ महिने अडकले की आठ हजारांचा जवळजवळ सगळा नफा व्याजात गेला. नवव्या महिन्यापासून पदरचे. त्यात दुष्काळ पडला तर बाजारचा निरख चढे, पण टेंडरचा दर जागचा हलत नसे. मोहिमेत तर पावती देणारा अधिकारीच मरे किंवा बदलून जाई. कंत्राटदार म्हणजे धान्याचा व्यापारी, असे आपण समजतो. खरे तर तो फौजेला बिनव्याजी कर्ज देणारा सावकार होता आणि त्याची सारी इस्टेट त्या चिठोऱ्यांत होती. ते कागद वाळवीपासून जपा.

प्रश्न : आमच्याकडे ‘हबसाणच्या लढाईला खेचरे दिली’ अशी आठवण सांगतात. खेचरांचे एवढे महत्त्व का?
– एक वाचक, खडकी

उत्तर : हबसाण म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. ही तिथली १८६७-६८ ची इंग्रजांची मोहीम. मुंबई सैन्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर तिचे प्रमुख होते. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुप्पट बाजारबुणगे आणि चाळीस हजारांवर जनावरे, त्यांत ४४ हत्ती. लाल समुद्राकाठच्या झुला बंदरापासून मगदाला किल्ल्यापर्यंत बरीचशी वाट डोंगराळ चढउताराची, म्हणून खेचरे. खेचर सुमारे १६० रत्तल ओझे नेते, उंट ४००. हजार शिपायांना दहा दिवसांचे पीठ, डाळ, तूप सुमारे २४,००० रत्तल होते, म्हणजे साठ उंट किंवा दीडशे खेचरे. पण खेचराला रोज चार रत्तल दाणा धरला तर चाळीस दिवसांत ते पाठीवरचे सगळे ओझे स्वतःच खाऊन टाकते. वाटेत वैरण नसेल तर लांबचा पल्ला कागदावरच राहतो.

झुलाला घोटाळा झाला तो याहून साध्या गोष्टीत. जनावरे उतरली, पण त्यांना सांभाळणारे जाणते लोक पुरेसे नव्हते आणि दावी टिकाऊ नव्हती. खेचरांनी ती चावून तोडली आणि रानोमाळ झाली. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यातून यंत्राने काढावे लागे, तेही अपुरे. शिवाय रोगाची साथ. तुमच्या घरी बिल असेल तर खेचरांसोबत साखळदंड, खोगिरे आणि खेचरवाले दिल्याची नोंद आहे का, ते जरूर पाहा.

प्रश्न : जुन्या बिलांतला ‘मण’ किती किलोचा धरावा?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : आधी कोणता मण ते ठरवा. मुंबईचा मण २८ रत्तल, म्हणजे १२.७ किलो, आणि असे वीस मण म्हणजे एक खंडी. सरकारी किंवा बंगाली मण ८२ रत्तलांहून थोडा जास्त, सुमारे ३७.३ किलो. जवळजवळ तिप्पट फरक! त्याच बिलात खंडी किंवा रत्तल आले असतील तर भागाकार करून ताळा घ्या.

प्रश्न : कमिसरियटमधल्या माणसाची माहिती कुठे शोधावी?
– एक वाचक, लष्कर भाग

उत्तर : माणूस अधिकारी असेल तर सोपे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात मुंबई सैन्याच्या नोकरीच्या नोंदी ‘एल/मिल/१२’ या मालिकेत आहेत, तर मुंबई इलाख्यातील चर्चचे जन्म, विवाह, दफन ‘एन/३’ मध्ये. थडग्यावर ‘कंडक्टर’ असे दिसले तर गोंधळू नका, तो खात्यातला वॉरंट दर्जाचा हुद्दा होता.

देशी कंत्राटदार तिथे सहसा नावानिशी भेटत नाही. तो भेटतो भांडणात. थकलेले बिल, जप्त अनामत, सरकारला केलेला अर्ज असे काही असेल तर मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर लष्करी खात्याची कागदपत्रे धुंडाळा. पुण्याचे पेशवे दफ्तर मुख्यतः १८१८ पूर्वीचे, त्यावर वेळ घालवू नका. नाव शोधताना इंग्रजी कारकुनाचे कान धरून चाला. ज्योतिप्रसादांचे ‘जोटी पर्शाद’ झाले होते, तेव्हा तुमच्या आडनावाची चार-पाच रूपे टाकून पाहावी लागतील.